शेवटच्या चाकाचे नट

"हॅलो?... हॅलो, बेबी?... अगं मी, वहिनी. दादा पोचला का तुझ्याकडे?... निघाला हे मला माहीत आहे गं, पोचला का ते सांग!... नाही. बरं. निघताना घरून त्याचा फोन आला, त्याला किती वेळ झाला?... अंदाजे सांग की!... तुझं दूध गेलं खड्ड्यात, गॅस बंद कर आणि आधी ऐक!"

वहिनी धाकट्या नणंदेवर कधी आवाज चढवत नसे. बेबीनं टोमणा मारला तरी हसून घ्यायची, मागून काय ते भांड्यांवर काढायची. आज मात्र ती ओट्याला कंबर टेकून उभी होती. एका हातात फोन. दुसऱ्या हातात दुकानातून आत्ता आणलेली चिकटपट्टी. समोर ओट्यावर नवऱ्याचा फोन चार्जिंगला लावलेला. फोन तेवढा घरी राहिला होता, नवरा, सासूबाई आणि गाडी तिघंही गेली होती.

"नाही, भांडण नाही झालं... आईंशीही नाही... अगं बाई, कुणी रुसून येत नाहीये तुझ्याकडे! ऐक ना. ऐक. गाडीचं पुढचं डावं चाक सैल आहे... सैल म्हणजे सैल. आवळलेलंच नाही... पंक्चर नाही गं, हवेचा काही संबंध नाही. चाक पाच नटांवर असतं ना? ते पाचही नट नुसते बोटांनी फिरवून ठेवलेत. पाना लागलेलाच नाही त्यांना... हो. त्याच गाडीत. आई पण त्याच गाडीत आहेत."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिचं तिलाच ते ऐकवेना. तिनं चिकटपट्टी ओट्यावर ठेवली. ती घरंगळत गेली आणि खाली पडली, ती उचलायचंही सुचलं नाही.

"आईंचा लावला की! बंद आहे. तुझ्या आईचा फोन कधी चालू असतो का? बॅटरी संपेल म्हणून बंद करायचा आणि रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घालायचा... दादाचा इथेच राहिलाय. मी लावला तर माझ्याच पुढ्यात वाजायला लागला... नाही गं, मी कशी येऊ? शेजारच्यांची स्कूटर ते कामावर घेऊन गेलेत. रिक्षा धरली तरी तो माझ्या किती पुढे असेल. तूच जवळ आहेस. आता तूच आहेस, बेबी."

आता हे चाकांचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. गाडी जुनी, दुसऱ्या हातची. इंजिन ठणठणीत, पण ॲल्युमिनियमच्या चाकांची पार रया गेलेली. वरचा चकचकीत थर फुगून सुटलेला, खाली पांढरी बुरशी धरल्यासारखे डाग आणि बोटाला लागतील असे खड्डे. नवरा म्हणाला, चंदेरी रंग मारून टाकू, कोण बघतंय? वहिनी म्हणाली, मी बघतेय ना. ती बक्षिसांचे कप आणि ढाली बनवणाऱ्या कारखान्यात पॉलिशवाली. दिवसभर धातू घासायचा आणि त्यात आपलं तोंड दिसेपर्यंत सोडायचा नाही, हा तिचा धंदा. खड्ड्यावर रंग मारणं म्हणजे न धुतलेल्या तोंडाला पावडर, असं तिचं मत. म्हणून एकेक चाक काढायचं, जुना थर खरवडायचा, खरखरीत कागदानं खड्डे उतरवायचे, मग पाणी घालून मऊ, आणखी मऊ कागद, शेवटी ड्रिलला कापडी चकती लावून पॉलिशची वडी. अंगणातच सगळं. सासूबाई खिडकीतून म्हणायच्या, "चाकं चाटून पोट भरणार आहे का आपलं?" वहिनी घासतच राहायची.

"बेबी, बोलत बसू नकोस, निघ. आहे तशी निघ... गाऊन असू दे गं! कुणी बघायला येत नाहीये तुला... कपडे बदलायला वेळ नाही! फोन कानाला ठेव आणि जिना उतर. लिफ्ट नको, लिफ्टमध्ये रेंज जाते... आणि काहीतरी लाल घे. चादर, टॉवेल, काहीही. लांबून दिसेल असं... टेबलावरचा कपडा? लाल आहे ना? चालेल, चालेल, ओढ तो. भांडी पडू देत."

पलीकडे खरोखरच काहीतरी खळ्ळकन पडल्याचं तिनं ऐकलं. एरवी त्या दोघी यावर आठवडाभर बोलल्या असत्या.

"उतरलीस?... आता ऐक. तुझ्याकडे येणाऱ्या उताराच्या वर जायचं. वर! तुझ्या फाटकापाशी उभी राहिलीस तर काय उपयोग? त्यानं गाडी उतारावर घालायच्या आधी थांबली पाहिजे. खाली ते वळण आहे आणि समोर ट्रक लावलेले असतात, माहीत आहे ना?... हो, पाण्याच्या टाकीपाशी. तिथे... अगं धावताना दम लागणारच! हळूहळू चालत जायला तू काय देवदर्शनाला निघालीस का?... बरं, चुकलं माझं. ओरडले. धाव पण, बेबी. धाव गं माझे बाई."

ती स्वतः स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारत होती. दारातून अंगण दिसत होतं. गाडी उभी असायची त्या जागी तेलाचा डाग होता, जॅक आडवा पडला होता आणि शेजारी पाना. ज्यानं ते पाच नट आवळायचे तोच पाना. आपण त्याला लाथ मारावी की छातीशी धरावं, हे तिला कळेना.

"कोण आहे बरोबर?... वॉचमनकाका? त्यांना घे, त्यांना घे! त्यांची शिट्टी आहे ना? म्हणावं, वर या आणि शिट्टी मारा... त्यांना काय सांगायचं म्हणजे? चाक निखळतंय म्हणून सांग!... काय?... कुणी लावलं म्हणजे?... ते नंतर बघू. तू चाल."

बेबी काही ते सोडणार नव्हती. धापा टाकत का होईना, तिनं पुन्हा विचारलंच, कारण वहिनीचा चेहरा एकदम पडला आणि ती फिरता फिरता थांबली.

"मेकॅनिकनं नाही... दादानं पण नाही गं, त्याला शिव्या देऊ नकोस. त्याला यातलं काही माहीतच नाही... मी. मी लावलं. चाक मीच बसवलं... हो, मीच तसं ठेवलं... मुद्दाम नाही गं! वेडी आहेस का? मुद्दाम कुणी... पहिल्या चाकाला पाना लावला तर पान्याच्या कडेनं नटाभोवती गोल चरा पडला. एवढं आरशासारखं केलेलं, त्यात चरा! पुन्हा सगळं घासावं लागलं मला. मग बाकीच्यांना मी पान्याच्या तोंडाला पट्टी गुंडाळून आवळलं. या शेवटच्याला पट्टी संपली. म्हटलं, नट हातानं बसवून गाडी खाली घेऊ, पट्टी आणू, मग आवळू. कोपऱ्यावरचं दुकान, गेले आणि आले... तिथे बंद होतं. मग पुढच्या गल्लीत गेले. आले तर अंगण मोकळं... किल्ली? किल्ली खिळ्यालाच होती. तू दादाला उद्या बोलावलं होतंस ना? उद्या! आज कसा निघाला तो?... आई म्हणाल्या. हो, आई म्हणाल्या असतील. आईंच्या मनात आलं की आलं."

चऱ्याच्या भीतीनं नट सैल ठेवले, हे दुसऱ्या कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. पॉलिशवालीलाच वाटेल. कारखान्यात कपावर केसाएवढी रेघ राहिली तरी माल परत यायचा, आणि वहिनीचा माल कधी परत आला नव्हता. त्याची तिला घमेंड होती. आज त्या घमेंडीची तिला किळस आली.

"बेबी? बोल ना काहीतरी... बोल गं, शिव्या दे हवं तर, पण बोल. गप्प राहू नकोस... पोचलीस? टाकीपाशी? दिसतेय का?... पांढरी आहे? पांढरी गाडी येतेय? थांबव! थांबव तिला, काकांना शिट्टी मारायला सांग!... काय?... दुसरीच आहे?"

ती मटकन खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. बसून चालणार नाही असं उगाच तिला वाटलं.

"सोड, सोड तिला, जाऊ दे... माफी माग त्यांची... अगं तो ओरडणारच, त्याच्या गाडीपुढे बाई गाऊनमध्ये लाल फडकं घेऊन नाचतेय... नाही, मी हसत नाहीये. रडू येतंय मला. बेबी, एवढ्यात यायला हवे होते ना ते? पुलावरून आले तरी एवढ्यात... नाही, तसलं काही बोलू नकोस. तोंड आवर. पुलावर काही झालेलं नाही. काही झालेलं नाही. तो हळू चालवतो. आई बरोबर असल्या की हळूच चालवतो ना तो? सांग ना. हळू चालवतो की नाही?"

पूल तिच्या डोळ्यांसमोर आला. त्याचा कठडा कमरेएवढाही नाही. ते चाक निसटून गाडीच्या पुढे गडगडत चाललंय, तिनं चकचकीत केलेलं चाक, उन्हात लखलखत, असं तिला दिसलं आणि तिनं डोळे घट्ट मिटले. मिटल्यावर जास्तच दिसायला लागलं.

"काय? काय म्हणतेस?... नीट सांग! पुलाच्या बाजूनं आली? आपली आहे? नंबर बघ... चाकं चमकतायत? मग आपलीच! आपलीच आहे ती! हलतंय का चाक? डावं, पुढचं डावं... हलतंय? किती?... अगं बाई. अगं बाई गं. बेबी, नीट ऐक, त्याला कचकन ब्रेक मारू देऊ नकोस. कळलं? समोर उडी मारू नकोस! बाजूनं हात हलव. हळू, हळू घेऊन थांबव म्हणावं, कडेला. काकांना सांग शिट्टी... बेबी?... बेबी, फोन... हॅलो?"

फोन पडला असावा. आधी काहीतरी आपटलं, मग खरखर, मग लांब कुठेतरी शिट्टी. एक लांबलचक शिट्टी, श्वास संपेपर्यंत मारलेली. मग कुणी तरी ओरडलं. बाई की पुरुष, कळलं नाही. मग लोखंड रस्त्यावर घासल्यासारखा आवाज. मग काहीच नाही.

"हॅलो!... हॅलो! बेबी!... कुणी आहे का?... कुणी फोन उचला! अहो कुणीतरी उचला!... काका!... बेबी!..."

वहिनी कुठल्या देवाचं नाव घेत होती ते तिलाही नंतर आठवलं नाही. ती एवढंच म्हणत होती की सगळं ने, गाडी ने, माझे हात ने, पण ही माणसं ठेव. पदर तोंडात कोंबलेला आणि फोन कानाला इतका दाबलेला की कान दुखायला लागला.

"...हॅलो? हो! हो, मी आहे, मी इथेच आहे! कोण, काका? काका, काय झालं?... थांबली? गाडी थांबली?... माणसं? माणसं कशी आहेत?... दोघंही? नक्की? तुम्ही डोळ्यांनी बघताय ना?... आजीबाई उतरल्यात? पायांवर उतरल्यात?... भांडतायत? कुणाशी? बेबीशी? रस्त्यात गाऊनवर आली म्हणून?... भांडू देत हो काका, भांडू देत. खूप भांडू देत."

वहिनी हसली आणि हसता हसताच तिच्या घशातून भलताच आवाज निघाला. तिनं ओट्याची कड धरली.

"बेबीला द्या ना... बेबी! लागलं नाही ना तुला? मग तो घासल्याचा आवाज कसला?... चाक तिरकं होऊन आतल्या पत्र्याला? बरं. नट किती राहिलेत?... दोन? पाचातले दोन? तेही हातानं फिरतायत?... नको, मला पुढचं सांगू नकोस. उतारावर काय झालं असतं ते मला सांगू नकोस, मला कळतंय. आईंना कळलंय का?... दादानं पंक्चर सांगितलं? हो, राहू दे, पंक्चरच राहू दे. दादाला दे."

नवऱ्याशी बोलायचं म्हटल्यावर मात्र तिची जीभ जड झाली. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडणारा नव्हता, तीच पंचाईत होती.

"अहो... मी आहे... अहो, बोला ना... हो, बेबीनं सांगितलं ना तुम्हाला? मीच. टेप आणायला गेले होते... चुकलं. चुकलं म्हणजे काय, या चुकीला काही शब्दच नाही... नाही, तुम्ही विचारून नेली नाहीत हे खरं, पण मी पान्याशिवाय सोडून जायलाच नको होतं. वर चिठ्ठी नाही, किल्ली खिळ्याला... आवाज येत होता? कधीपासून? पुलापासून?... आई सांगत होत्या? मग?... पिशवीतले डबे वाजतायत असं वाटलं तुम्हाला? अहो!"

तिला त्याच्यावर चिडायचं होतं. तेवढा अधिकार आज आपल्याला नाही, हे लक्षात येऊन तिनं तो विषय सोडला.

"काय म्हणालात?... नाही! नाही, नाही, तुम्ही ते आवळून चालवायचं नाही. बेबीच्या दारापर्यंतसुद्धा नाही... बाकीच्या चाकांचे नट असतील हो काढता येण्यासारखे, तरी नाही. आधी एक करा. चाकाच्या भोकाच्या तोंडावर बोट ठेवा. जिथे नट गळून गेलाय तिथे. कडेनं फिरवा. गोल लागतंय की लांबट?... लांबट. मग संपलं. हलून हलून भोकं खाल्ली गेली. ते चाक आता कामाचं नाही... मेहनत गेली तर गेली! किती दिवस घासलं ते मला सांगताय? मला माहीत नाही का? भंगारात घाला... ठेवायचं नाही. आठवण म्हणून नाही आणि कशाला नाही. घरात मला ते दिसता कामा नये. मेकॅनिकला तिथे बोलवा, तो चारही चाकांचे नट स्वतः बघेल, दुसरं चाक लावेल, मग गाडी हलेल. मी लावलेलं काही धरून चालू नका... हो. आणि आईंना चालतच न्या. उतार आहे, हात धरून... रडत नाहीये. नाही. जरा सर्दी... बरं, रडतेय. काय करू मग?"

यापुढे फोन ठेवला असता तर सगळं निभावलं असतं. पंक्चरची गोष्ट ठरलेली होती. सगळ्यांना ती मान्य होती. पण तिकडून सासूबाईंनी फोन मागितला. वहिनीला तो खणखणीत आवाज लांबूनच ऐकू आला. इतका वेळ भीती होती ती माणसं जाण्याची. आता ही भीती निराळी होती, आणि तिच्यापुढे वहिनी शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिली, फोन दोन्ही हातांनी धरून.

"हां, आई... हो, थांबलात ते बरं झालं... बेबीला रागावू नका, तिला मीच पळवलं... हो, गाऊनवर... हो, लोक बघत असतील. बघू देत... पंक्चर..."

ती थांबली. पलीकडे सासूबाईंनी पंक्चर काढणाऱ्याचा उद्धार सुरू केला होता. एक "हो" म्हटलं की झालं. वहिनीनं तोंड उघडलं, पण तो "हो" काही बाहेर येईना.

"आई, पंक्चर नाही... ऐका ना जरा. पंक्चर नव्हतंच. चाक निघायला आलं होतं. मी इतके दिवस घासत होते ना, तेच. मी त्याचे नट आवळलेच नव्हते. पॉलिशला ओरखडा पडेल म्हणून... हो. तशीच गाडी ठेवून मी दुकानात गेले. आणि तुम्ही तिच्यात बसलात... म्हणून तो आवाज. डबे नव्हते. तुम्ही बरोबर सांगत होतात... तुमची दोघांची... आई, उतार उतरला असता तर तुम्ही दोघंही..."

ती वाट बघत राहिली. रस्त्यावरून काहीतरी वाहन गेल्याचा आवाज आला, बेबी कुणाला तरी पाणी मागत होती.

"आई?... ऐकताय ना?... आई, काहीतरी बोला. तोडून बोला हवं तर..."

"...हो?... काय?... तुम्ही सांगितलंत त्याला? हळू चालव, नाहीतर मी इथेच उतरते म्हणून?... पुलावरच? दार उघडायला निघालात?... म्हणून तो हळू आला. आई, तुमच्या कटकटीनं वाचवलं हो सगळ्यांना... कटकट नाही, चुकलं. तुमच्या सांगण्यानं... नाही, कटकटच म्हणू? बरं, कटकट."

"...हां?... आत्ता? आत्ता स्वयंपाकघरात आहे... एकटीच... नाही. नाही खाल्लं... सकाळपासून नाही. चहा तेवढा... नाही हो, भूक कसली... हात? काळेच आहेत, पॉलिशचे... हो. साबणानं... हो, आधी हात धुते, मग खाते... भात झाकून ठेवलाय तुम्ही? कुठे?... हो. दिसला... हो आई, खाते. सगळा खाते... तुम्ही उतारावर बेबीचा हात सोडू नका... नाही रडत. आता नाही... हो. ठेवते."

तिनं फोन ठेवला. ताटलीखाली भात होता, वर वरण ओतलेलं, बाजूला लोणचं. तिनं हात धुतले, काळं काही निघेना. मग ती तशीच खाली फरशीवर बसली, ताट मांडीवर घेतलं आणि रडत रडत तो गार भात खाऊ लागली, सासूबाईंनी सांगितलं होतं म्हणून.